पोक असेल ती पोक्त

आक्का, पोक्त बाई म्हणजे पाठीला पोक आलेली बाई, असं मी एके काळी पक्कं धरून चालले होते. आता हे कुणापुढे कबूल करायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही होता तोवर ती गरजच पडली नाही. आल्यागेल्याच्या पुढे गूळपाणी ठेवायच्या आत तुम्हीच सांगून मोकळ्या होत होता.

तुमच्या दुसऱ्या बाळंतपणाची गोष्ट. मी नवी सून. लुगड्याच्या निऱ्या धड सांभाळता येत नव्हत्या, पण मास्तरांची लेक म्हणून अंगात मिजास केवढी! आमचे आप्पा पौडाला शाळामास्तर. त्यांनी मला पोरांच्या मागे भिंतीशी बसवून लिहायला-वाचायला शिकवलं होतं, आणि या खोऱ्यात आपल्याइतकी शहाणी सून दुसरी नाही हे कुणी न सांगता माझं मीच ठरवून टाकलं होतं. सकाळची वेळ. तुम्हाला कळा सुरू झालेल्या. सासूबाईंच्या अंगठ्याला नखुरडं झालेलं, हात नुसता टम्म. त्या आतूनच ओरडल्या, “ए पोरी, पळ! वाडीतनं कुनी तरी पोक्त बाई घिऊन ये. बगत उबी ऱ्हाऊ नगंस!”

मी पळाले. पळता पळता व्याकरण चालवलं. भक्ती असेल तो भक्त, शक्ती असेल तो शक्त, मग पोक असेल ती पोक्त. किती सोपं! आणि अख्ख्या वाडीत पोक कुणाला, तर भागाकाकूला. जमिनीशी बोलत असल्यासारखी चालायची बिचारी. कानाने ठार बहिरी, पोटी मूल नाही, कुणी कोंबडी कापताना दिसला तरी मटकन खाली बसायची. वाटेत चांगल्या धडधाकट, नातवंडं असलेल्या बाया भेटल्या. एकीने तर आपण होऊन विचारलं, “काय गं, थोरलीचं दुकाय लागलं व्हय? येऊ का?” मी तिच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. पाठ सरळ होती. “नको,” म्हटलं, “तुम्ही पोक्त नाही.”

ती बाई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

भागाकाकूला मी हाताला धरून ओढतच आणली. सासूबाई तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. “ही काय आनलीस?”

“पोक्त बाई,” मी धापा टाकत म्हटलं. “सगळी वाडी बघितली. एवढं पोक दुसऱ्या कुणालाच नाही.”

आणि आक्का, तुम्ही खांबाचा दोर धरून, दात आवळून बसला होता, त्या एकदम हसत सुटलात. कळ येतेय, तुम्ही हसताय, ओरडताय, पुन्हा हसताय. रामू त्या हसण्यातच बाहेर आला. सासूबाईंनी एका हाताने त्याला घेतलं. भागाकाकू कोपऱ्यात मटकन बसली होती, तिच्या तोंडावर पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवसापासून तुम्ही माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायचा, “ही माजी धाकली जाऊ. पाठ बगून मानसं निवडती.”

काल एक बाई भेटायला आली तेव्हा मी ही गोष्ट सांगायला घेतली. शेवटापर्यंत आले आणि थांबले. शेवटचं वाक्य तुमचं आहे, ते मला म्हणता येईना. ती बाई वाट बघत बसली, मग पदर सावरून निघून गेली.

तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, आणि जे माणूस आता नाहीच, त्याला उद्देशून कागद काळे करायचे म्हणजे लिहिणारीच्या अकलेबद्दल बोलायलाच नको. पण तुम्हाला मी वाचूनच दाखवत होते ना सगळं? तुम्ही तांदूळ निवडत बसायचा, मी वाचायची, आणि मधेच तुम्ही म्हणायचा, “हे तू पदरचं घातलंस.” बहुतेक वेळा घातलेलंच असायचं. तेव्हा हेही मी मोठ्याने वाचतेय असं समजा. पदरचं काही घालणार नाही. तेवढी हौस सध्या अंगात नाही.

लिहायला बसले ती रडायला म्हणून नव्हे. भीती वाटतेय म्हणून.

साळूचे पाय सुजलेत.

पहिलटकरीण, त्यात तुमची नात, तुमच्या हातची वाढलेली. माणच्या सासरच्या मंडळींनी तिला बाळंतपणाला पाठवली तेव्हा तुम्ही अंथरुणावर होता, तरी तिच्या पोटावरून हात फिरवून म्हणालात, “वर हाय अजून, येळ हाय.” मग तुम्ही गेलात. तुम्हाला जाऊन महिनाही व्हायचा आहे. आणि आता रोज सकाळी मी काहीतरी निमित्त काढून साळूच्या पायाशी बसते. तेल लावून देते म्हणते, काटा मोडलाय का बघते म्हणते. अंगठ्याने घोट्यावर दाबते आणि सोडते. खळगा पडतो. तो भरून यायची वाट बघते. तो लवकर भरत नाही, आक्का. काल जेवढा वेळ लागला त्याहून आज जास्त लागला, असं मला वाटतं. मग वाटतं, भीतीमुळे वाटत असेल.

“धाकले आजी,” ती म्हणते, “पाय माजा हाय, कनीक न्हवं. किती चेपशील?”

मी हसते. हसून दाखवते.

तुम्ही गेल्यापासून बाया माझ्याकडे यायला लागल्यात. कुणाचं तान्हं पीत नाही, कुणाच्या सुनेने रुसून माहेर धरलंय, कुणाच्या लेकीला सासरी किती साड्या द्यायच्या. “आता तुमीच सांगा, घरात पोक्त तुमीच.” मी मान हलवते, मोठ्या माणसासारखी “हं” म्हणते, आणि थांबा जरा म्हणून आत जाते. आत कशाला जाते? तुम्हाला विचारायला. या नव्या घराला आत म्हणून फारसं काही नाहीच. धरणाचं पाणी चढलं, आपण खालून उठून या माळावर आलो, दोन खण पत्र्याखाली टाकले. आत गेलं की समोर चूलच. चुलीपाशी कुणी नसतं. मी एक तांब्या पाणी पिते, बाहेर येते आणि तुम्ही काय म्हणाला असता ते अंदाजाने सांगते. अजून कुणी परत येऊन भांडलेलं नाही. पण साड्यांचा सल्ला वेगळा आणि पायाची सूज वेगळी.

आणि ही सूज मी आधी पाहिलेली आहे. तुम्हीही.

साळूच्या आईचे, रामूच्या चंद्राचे पाय असेच सुजले होते. डोकं दुखतंय म्हणायची. उन्हात चांदण्या दिसतात म्हणायची. मी तेव्हा तुमच्या मागे लागले, आपण हिला गाडीत घालून पुण्याला दवाखान्यात नेऊ. तुम्ही भात वैरत होता. वळूनही पाहिलं नाहीत. “पहिलटकरनीचं पाय सुजत्यातच,” म्हणालात. “वाटंत गाडीतच काय झालं मंग? आजी व्हायचं वय झालं तुजं, जरा पोक्त हो की आता.” मी गप्प बसले. तुम्ही कितीतरी बाळंतपणं केलेली. मी काय केलं होतं? भागाकाकूला आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्राला आकडी आली. साळू आली आणि चंद्रा गेली.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? तुम्हाला ठाऊकच आहे. पण आपण दोघींनी त्या दुपारबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. एका चुलीवर इतकी वर्षं रांधलं, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्या, दिरा-नवऱ्यांच्या कागाळ्या केल्या, आणि हे तेवढं बाजूला ठेवून झाडत राहिलो. तुम्ही मला विचारलं नाहीत की, तुला काय कळलं होतं गं तेव्हा? विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मला काही कळलं नव्हतं. मी नुसती भ्याले होते. मी झुरळाला भिते, मी पाण्याला भिते, सासूबाईंच्या खोकल्याला तर त्या गेल्यावरही भीत होते. माझ्या भिण्याला काय किंमत? नेली असती तर चंद्रा वाचली असती का, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. एवढं तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला वाटत राहिलं असेल, हिला कळलं होतं आणि मी ऐकलं नाही. आणि मला वाटत राहिलं, तुम्हाला तसं वाटतंय, तर आता त्याच्यावर बोट कशाला ठेवा. अशा आपण दोघी शहाण्या.

फक्त एक झालं. तो शब्द तुमच्या तोंडातून गेला. त्यानंतर कुणाला ‘पोक्त’ म्हणताना मी तुम्हाला ऐकलं नाही. रामूच्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत कुणी तरी म्हणालं, “थोरल्यांस्नी इचारा, पोक्त बाई हायेत,” आणि तुम्ही पुढचं ताट तसंच ठेवून हात धुवायला उठलात. लोकांना वाटलं तुम्हाला उलटी येतेय.

मग त्या शब्दाबद्दल आपण काय बोलायचो? तो आला कुठून यावर भांडायचो! भांडण जुनं होतं. भागाकाकूच्या प्रकारानंतर मी माहेरी गेले तेव्हा आप्पांना विचारलं होतं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “अगं वेडे, पोक कुठलं! फारशी शब्द आहे तो. पुख्ता. म्हणजे शिजलेला, पिकलेला, मुरलेला. कच्चेपणा गेला की माणूस पोक्त.” मी ते घेऊन तुमच्याकडे आले. आपली चूक झाली होती ते बाजूलाच राहिलं. जणू मीच फारशी शिकून आले होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “शिजलं की खाऊन टाकत्यात. पिकलं की गळून पडतंय. तुज्या बापाला सांग, बायामान्सांसाटी दुसरं काय तरी हुडक.”

तुमचं म्हणणं वेगळंच. तुम्ही म्हणायचा, हा शब्द पोख्यातला. जिला पंगतीत पोखा झोडता येतो ती पोक्त. मी म्हणायची, मग गावातले सगळे जेवणभाऊ पोक्त झाले. तुम्ही म्हणायचा, त्यातल्या पुरुषांना कशाला मधे घालतेस. असं आपलं चालायचं. हसायचो. आता वाटतं, एखाद्या खड्ड्याभोवती फेर धरून फुगडी घालावी तसं ते होतं. आत कुणी बघायचं नाही.

एकदाच तुम्ही आत पाहिलंत. साळू तेव्हा परकर नेसायला लागली होती. आंबेमोहराचा भात उतरवला होता, तुम्ही झाकण काढून वाफ जाऊ देत होता, आणि मला न बघताच म्हणालात, “तुजा बाप म्हनला ते खरं आसंल. शिजलंयच म्या. पन शिजल्याल्या दान्याला कोंब न्हाई फुटत, धाकले. त्याला नवं काय कळत न्हाई.”

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या क्षणी दार उघडलं होतं तुम्ही. आणि मी काय केलं? शब्दांशी खेळले. म्हटलं, “आपल्याकडं ताटात पडतो तो भात आणि शेतात उभं असतं तेही भातच. तुम्ही तो भात, मी ते भात. माझ्या डोक्यात अजून चिखलच आहे.” तुम्ही हसलात. झाकण पुन्हा ठेवलंत. दार लागलं.

मास्तरांच्या लेकीला व्याकरण येतं, आक्का. दुसरं काही येत नाही.

आता काय करू ते सांगा. काल राहीला बोलावलं. तीच राही, तुमच्या हाताखाली सुईणपण शिकलेली, आता या काठच्या सगळ्या वाड्यांची तीच. तिने साळूला निजवून नीट पाहिलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, “काय भ्यायचं कारन न्हाई. पहिलटकरनीचं पाय सुजत्यातच.”

तेच वाक्य, आक्का. शब्दाला शब्द.

मी म्हटलं, “राहे, पुण्याला न्यावं का?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “पुन्याला? दिस भरत आल्याली पोरगी गाडीत घालनार? आन् रस्ता तरी ऱ्हायलाय का? आदी नदीकाठानं सरळ पौड गाटत हुतो. आता डोंगराच्या कडंकडंनं वळसा. गचके बसून वाटंतच मोकळी व्हईल. तुमी पोक्त बाई आसून आसं भ्याल्यावर पोरीनं काय करावं?”

रामूला विचारलं. तो अंगणात बैलाच्या मानेला तेल लावत होता. बायको अशी गेलेल्या माणसाला लेकीबद्दल काय विचारायचं. तो बैलाकडे बघूनच बोलला, “काकी, आई न्हाई. तुमी म्हनाल ते. मला काय बी इचारू नगा.” आणि बराच वेळ एकाच जागी तेल चोळत राहिला.

म्हणजे मी म्हणेन ते. मी! नेलं आणि वाटेत काही झालं, तर म्हातारीने भित्रेपणाने पोर मारली. नाही नेलं आणि इथे झालं, तर दुसऱ्यांदा. तुम्ही असता तर तुम्ही ठरवलं असतं, आणि मी मागून कुरकुर केली असती. कुरकुर करायला काही लागत नाही, हे मला आता कळतंय. तुम्ही इतकी वर्षं ठरवत होता ते किती जड होतं हे मी कधी उचलूनच पाहिलं नव्हतं.

आज दुपारी साळू डोळे चोळत बसली होती. म्हणाली, “हितं उन्हात कायतरी चमकतंय. चांदन्या पडल्यागत.”

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तिने ते पाहिलं. पोर तुमच्या हाताखाली वाढलेली, तिच्यापासून काय लपतंय? म्हणाली, “थोरली आजी आसती तर काय म्हनली आसती?”

खोटं बोलायचं मनात आलं. तुमच्या नावावर आज काहीही खपलं असतं. पण पदरचं घातलेलं तुम्हाला लगेच कळायचं. म्हटलं, “थोरली म्हणाली असती, पहिलटकरनीचं पाय सुजत्यातच. धाकली भित्री हाय, तिचं ऐकू नगा.”

साळू हसली. मग म्हणाली, “आन् धाकली काय म्हनती?”

“धाकली म्हणते, भित्री तर भित्री. ऊठ, लुगडं बदल. गाडीत पेंढा टाकायला सांगते तुझ्या बापाला.”

एवढं लिहून ठेवतेय कारण बैल यायला वेळ आहे आणि मला एका जागी बसवत नाही. आक्का, तुमच्याविरुद्ध मी पहिल्यांदाच काही करतेय. रागावलात तर मला काय ते स्वप्नात येऊन सांगा, पोरीवर राग काढू नका.

*

पुढचं आज लिहितेय. मधे बरेच दिवस गेले.

गाडीचं काही सांगत नाही. पेंढ्यात साळूचं डोकं मी मांडीवर धरलं होतं आणि प्रत्येक गचक्याला तिच्याऐवजी मीच ओरडत होते. शेवटी रामू मागे वळून म्हणाला, “काकी, बाळंत व्हनार कोन हाय?” कडेने खाली पाणी दिसत होतं. आपलं आंबेमोहराचं खाचर नेमकं कुठे असेल ते मी शोधत होते, म्हणजे दुसरं काही मनात येऊ नये. पौडाहून पुढे मोटार मिळाली. साळू जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली आणि डोकं फुटतंय म्हणता म्हणताच म्हणाली, “धाकले आजी, ही बैलापेक्षा वाईट वास मारती.”

दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई तरुण होत्या. एवढ्या तरुण की मला धडकीच भरली. त्यांनी साळूचे पाय पाहिले. अंगठ्याने दाबलं आणि सोडलं, अगदी मी दाबते तसंच. मग त्यांचा चेहरा बदलला. साळूला आत घेतलं आणि दारातून बाहेर डोकावून विचारलं, “हिच्याबरोबर घरची कुणी पोक्त बाई आहे का?”

आक्का, मी मागे वळून पाहिलं.

मागे भिंत होती. भिंतीपाशी रामू उकिडवा बसला होता. आणखी कुणी नव्हतं. डाक्टरीणबाई माझ्याकडेच बघत होत्या, थोड्या वैतागल्याही होत्या. मग मी म्हटलं, “आहे. मीच.” आवाज असा फुटला की त्यांना ऐकूच गेलं नसावं. पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी मला आत बसवलं. हात धरा म्हणाल्या. मी धरला. साळूला आकडी आलीच. एकदा आली. त्या वेळचं मी लिहू शकत नाही. तिचा चेहरा तिचा राहिला नव्हता, चंद्राचा झाला होता, आणि मी मनात तुम्हाला शिव्या देत होते आणि हाकाही मारत होते, दोन्ही एकदम. तुम्ही असता तर न घाबरता बसला असता. मी घाबरूनच बसले, पण उठले नाही. हात सोडला नाही. एवढंच मला करता आलं.

मुलगी झाली. जेमतेम ओंजळभर आहे. साळू शुद्धीवर यायला फार वेळ लागला, पण आली, आणि पहिलं वाक्य बोलली ते, “आजी, हात सोड, मुंग्या आल्यात.”

घरी यायला निघालो तेव्हा डाक्टरीणबाई दारापर्यंत आल्या होत्या. एक प्रश्न माझ्या ओठावर होता. इतक्या वर्षांपूर्वी अशीच एक पोर होती, तिला आणली असती तर? त्यांना सांगता आलं असतं कदाचित. मी विचारलं नाही. त्यांचा त्याच्याशी काय संबंध? आणि त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या तर मी ते तुमच्यापासून कुठे लपवलं असतं?

भीती गेली असं समजू नका. पोरगी अंगावर नीट पीत नाही. तिला कापसात गुंडाळून ठेवलीय आणि मी घटकेघटकेला तिच्या नाकाशी बोट नेऊन बघते. साळूचे पाय उतरलेत, तरी मी अजून दाबून बघतेच. सवय लागलीय. तुम्ही कशा काय निजायचा, आक्का, अशा दिवसांत? की निजत नव्हता आणि आम्हालाच तसं वाटायचं? कधी बघितलंच नाही मी. तुम्ही डोळे मिटून पडलात की आम्ही खुशाल घोरायला मोकळ्या. त्या सगळ्या निजेबद्दल तुमचे उपकार मानायचे राहून गेले.

काल राही आली. मी मनाची तयारी करून ठेवली होती. तिच्या हातातून बाळंतपण काढून नेलं, आता ती चार लोकांत बोलणार, आणि तिचं चूक नाही. ती दारात बसली. मी बाळाला तिच्या मांडीवर दिलं. तिने त्याच्या टाळूवर हात ठेवून पाहिलं, पायाचे तळवे चोळून पाहिले, कान सरळ केले. मी गूळपाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. मला वाटलं, झालं, आता भांडण.

मग मान खाली घालूनच ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर माझं न घालता:

“थोरलीनं जायच्या आदी मला जवळ बसवून सांगितलं हुतं, धाकल्या बाई. म्हनली, ‘राहे, साळूच्या येळंला धाकली भिईल. मागं ती भ्याली तवा म्या तिला गप केली. तू करू नगंस.’ मला राग आला, सुईन मी हाय का ती? आन् मंग म्या बी तुमाला तेच करत हुते, बगा.”